मगरिब, मजला सत्ताविसावा

५ ऑक्टोबर, सोमवार

संपलं! दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. कारण काय, तर सूर्य.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सत्ताविसाव्या मजल्यावर. त्यांची धाकटी बहीण, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी, याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, एकटी. जुनी घरं पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. त्याआधी दोघी उभा जन्म भिंतीला भिंत लावून राहिल्या. मगरिबची, म्हणजे सूर्य बुडाल्यावरची नमाज कायम शेजारी शेजारी. इथे आल्यावरही खाला रोज संध्याकाळी लिफ्टनं वर यायची.

काल आली, मोबाइलमध्ये वेळ पाहिली, वेळ झाली तशी नमाजला उभी राहिली. अम्मी बाल्कनीच्या दारात. खालाची नमाज संपेपर्यंत गप्प होत्या, एवढं मात्र केलं. मग म्हणाल्या, "तू सुरू केलीस तेव्हा सूर्य होता बरं का. मी बघत होते."

खाला म्हणाली, वेळापत्रकात आहे ती वेळ. अम्मी म्हणाल्या, वेळापत्रकाला डोळे असतात का? मग तुझी नमाज झालीच नाही, मग तू मोठी शहाणी, मग तू लहानपणापासून अशीच, मग लहानपणचं कसलं तरी फ्रॉकचं प्रकरण. खालानं मुसल्ल्याची, म्हणजे नमाजच्या चटईची, घडी घातली, चपला घातल्या आणि लिफ्ट येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. लिफ्टला फार वेळ लागतो. रागावून निघून जायला ही इमारत अजिबात सोयीची नाही.

नवरा पेपरात डोकं घालून. म्हणे, दोघी मोठ्या आहेत, मी काय बोलणार! धन्य.

७ ऑक्टोबर, बुधवार

माझा पोस्टमन झालाय. "तिला सांग, तिची गुडघ्याची गोळी इथेच राहिली." खाली जाऊन सांगितलं. "तिला सांग, मला माहीत आहे." वर येऊन सांगितलं. गोळी तिथल्या तिथे.

आणि आज जेवताना अम्मींनी जाहीर केलं — महिनाअखेरीला मोठ्याकडे राहायला जाते. मोठा म्हणजे माझे थोरले दीर, दुसऱ्या शहरात. "इथे आता माझं कोण आहे?" हातात पळी घेऊन मी समोरच उभी होते.

खरं लिहायचं तर क्षणभर मनात आलं, ती खोली मिळेल. माझं चित्रांचं टेबल तिथे खिडकीशी मस्त बसेल. मग लाज वाटली. मग पुन्हा टेबल आठवलं.

पण दीर-जाऊ दिवसभर कामावर. तिकडे अम्मी एकट्या, इकडे खाला एकटी. महिन्याभरात दोघी सुकून जातील. हे होऊ द्यायचं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

मी पोट कशावर भरते? सावल्यांवर! आर्किटेक्टच्या ऑफिसात नवी इमारत ठरली की तिच्यामुळे कुणाच्या अंगणात किती वाजता ऊन जाईल ते मी नकाशावर काढून देते. आणि माझ्याच घरात सूर्यावरून भांडण. हे सोडवायला दुसरं कोण येणार? डबा खाता खाता गणित मांडलं.

पाचही नमाजा सूर्याच्या तालावर. दुपारची जुहर सूर्य माथ्यावरून कलला की. पण सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा यांचं जमत नाही — या महिन्यात सूर्य घड्याळाच्या पुढे पळतो. पहाटेची फज्र सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर आला की. कुणी पंधरा धरतं. तेवढ्यात माझी एक डुलकी होते. रात्रीची इशा तसंच उलटं, सूर्य तितका खाली गेला की. आणि असर, तिसऱ्या प्रहरची, ती सावलीवर. उभ्या काठीची सावली घ्यायची, तिच्यातून भर दुपारची सावली वजा करायची. उरलेली सावली काठीएवढी झाली की माझ्या माहेरी असर. सासरचा पंथ वेगळा, तिथे दुप्पट झाली की. सासरची सावलीसुद्धा लांब! लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी बराच वेळ आधी मुसल्ला अंथरला, तेव्हा अम्मी म्हणाल्या होत्या, "माहेरची सावली इथवर आली वाटतं." मग हसून बाजूला सरकल्या. माझ्या वेळेला पुन्हा कधी हात लावला नाही.

आता मगरिब. अक्षांश, रेखांश, तारीख घातली की सूर्यास्त निघतो. पण तो जमिनीवरचा. माणूस जितका वर, तितकं त्याचं क्षितिज खाली झुकतं आणि सूर्य त्याला जास्त वेळ दिसतो. आमच्यापुढे तर पश्चिमेला नुसतं पाणी, आड काही नाही. सत्ताविसाव्या मजल्याचा हिशेब केला.

सव्वा मिनिट!

खालाच्या मोबाइलमधला, जमिनीवरचा सूर्य गेलेला होता, अम्मींचा बाल्कनीतला होता. दोघीही बरोबर! आता मिटलंच म्हणायचं.

११ ऑक्टोबर, रविवार

काही मिटलं नाही.

अम्मींना ओट्यावर समजावलं. पातेलं उपडं ठेवलं — ही पृथ्वी. लिंबू म्हणजे सूर्य. चवळीचा दाणा खाला, कांद्यावर ठेवलेला दाणा अम्मी. नीट ऐकत होत्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला शहाणपणा सुचला! म्हटलं, खरं तर सूर्य टेकलेला दिसतो तेव्हा तो आधीच खाली गेलेला असतो, हवा त्याला उचलून दाखवते. गणितात तेही धरावं लागतं.

अम्मींनी लिंबू उचलून फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, म्हणजे मला दिसतो तो नसतोच, आणि तिला दिसत नाही तरी तीच बरोबर?

नाही हो, तुम्ही दोघी बरोबर!

"दोघी बरोबर असतो तर ती चपला घालून गेली असती का?"

खालाकडे गेले. तिथे पातेलं नेलं नाही, तोंडीच सांगितलं. खालाच्या खिडकीसमोर पार्किंगची भिंत. तिला सूर्य ना उगवताना दिसतो ना बुडताना. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चिठ्ठीत घर वरचं निघालं, तर सूर्यही तिलाच जास्त. कळलं."

दोघींना बरोबर ठरवून कुणाचंच समाधान होत नाही. समोरची चूक ठरायला हवी!

१२ ऑक्टोबर, सोमवार

भांडण इमारतभर झालं आहे. शिंपीचाचा घरी आले. पूर्वी शिवणकाम करायचे, आता पार्किंगशेजारच्या नमाजखोलीची व्यवस्था बघतात. मजल्या-मजल्यावर लोक विचारतात म्हणे, आमचा सूर्य कुठला? तर मी इमारतीचं वेळापत्रक करून द्यावं. खालचे मजले, मधले, वरचे असे तीन रकाने.

करीन म्हटलं! चाचांनी हात जोडले. अम्मी आतून ऐकत होत्या. चाचा गेल्यावर म्हणाल्या, "अक्षर मोठं ठेव."

मनात एक आशा आहे. कागदावर दोघींना आपापला रकाना मिळाला की कुणाची मान खाली जायला नको.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसच्या कम्प्युटरवर केलं. तिथलं सूर्याचं गणित एकदम पक्कं. चाचांनी लगेच लॅमिनेट करून आणलं. लॅमिनेट! आता पुरातसुद्धा टिकेल. उद्या दुपारी लिफ्टमध्ये लावणार, आरशाशेजारी.

नवरा म्हणाला, "तुझं नाव टाकलंस का खाली?" टाकलंय. बारीक.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

नाव टाकायला नको होतं.

संध्याकाळी बसमधून उतरले. नमाजखोलीतून लोक नमाज उरकून बाहेर पडत होते. मला छान वाटलं — सगळे माझ्या वेळेवर! मग वळून पश्चिमेकडे पाहिलं. पाण्याच्या वर सूर्य. कड-बिड नाही, चांगला अख्खा, भाकरीसारखा.

लिफ्टमध्ये माझं वेळापत्रक झळकत होतं. सत्तावीस मजले त्याच्याकडे बघत वर गेले.

दार उघडं. आत, बाल्कनीत, अम्मी आणि खाला. दोघी! कठड्याला टेकून, खांद्याला खांदा लावून, पाण्याकडे बघत. मी पर्स ठेवली तरी वळल्या नाहीत.

नंतर सगळं कळलं. अम्मी वेळापत्रकाची मी दिलेली प्रत हातात घेऊन बाल्कनीत उभ्या होत्या. वेळ झाली, सूर्य जागचा हलेना. सव्वा मिनिट थांबल्या, दोन मिनिटं थांबल्या. मग मोबाइल उचलला आणि भांडण झाल्यापासून पहिल्यांदा स्वतः बहिणीला फोन केला. पढलीस का? पढले. पुन्हा पढावी लागेल, सूर्य ढळढळीत समोर आहे. मी नाही मानत. मग वर ये आणि बघ! खाला नेसत्या कपड्यांनिशी लिफ्टमध्ये शिरली. आणि आज लिफ्ट लवकर आली.

सूर्य पूर्ण गेला तेव्हा खालानंच सांगितलं, गेला. दोघी शेजारी शेजारी नमाजला उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की भीतीचं, हे ठरवायच्या आत नमाज संपली आणि दोघी माझ्याकडे वळल्या.

खाला म्हणाली, शिकलेली सून आहे ना तुझी? अम्मी म्हणाल्या, तुझी भाचेसूनही लागते. खाला म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं, लिंबू आणि पातेल्यावर कुठे सूर्य चालतो! पातेल्याची गोष्ट तिला कुणी सांगितली? म्हणजे तेवढ्यात तेही बोलून झालं होतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी असून ऑफिसात गेले. चूक सापडली. कम्प्युटरमध्ये जागा म्हणून आधीच्या कामाचं गाव तसंच राहिलं होतं — पूर्वेकडचं, जिथे आम्ही हॉटेल बांधतोय. तिथे सूर्य आपल्याआधी सात मिनिटं मावळतो. म्हणजे काल अख्ख्या इमारतीनं, न बांधलेल्या एका हॉटेलच्या वेळेवर नमाज पढली!

उंचीचं सव्वा मिनिट मोजून धरलं, आणि गाव विसरले.

शिंपीचाचांकडे पडलेलं तोंड घेऊन गेले. त्यांनी रागावायला हवं होतं. म्हणाले, मीही एकदा एका नवरदेवाची शेरवानी दुसऱ्याच्या मापानं शिवली होती, लग्न झालं त्याचं. सगळ्यांनी कालची मगरिब पुन्हा पढावी, असा निरोप त्यांनी ग्रुपवर टाकला. खाली माझं नाव टाकलं नाही. फार मोठा माणूस.

लॅमिनेट केलेलं मात्र फाटता फाटत नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

नवं वेळापत्रक लागलं. तीन वेळा तपासलं, आधी गाव. संध्याकाळी अम्मी कागद घेऊन बाल्कनीत, खाला मोबाइल घेऊन. वरच्या मजल्यांच्या रकान्यातली वेळ आली आणि सूर्य गेला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कौतुक नाही केलं, पण चूकही काढली नाही. मला तेवढं पुरे.

मोठ्याकडे जाणं रद्द! दिरांना फोन करून सांगितलं. मी स्वयंपाकघरात एकटीनं उडी मारली.

आणि मग जेवताना अम्मी म्हणाल्या, मी आता खाली खालाकडेच राहते. "तिच्या खिडकीतून नुसती भिंत दिसते. मी असले तर माणूस दिसेल."

नवरा म्हणाला, बरं. मीही म्हणाले, बरं. काय म्हणणार? इतके दिवस हेच तर व्हावं म्हणून धडपडत होते, की बहिणी एकत्र याव्यात.

२० ऑक्टोबर, मंगळवार

अम्मी गेल्या. सव्वीस मजले खाली. सामान दोन खेपांत संपलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

टेबल त्या खोलीत लावलं. खिडकीशी. ऊन चांगलं येतं. ज्या जागेसाठी जीव टाकत होते तिथे बसून आज एक रेघ ओढली नाही.

मला अम्मींची आठवण येते. सासूची! हे कुठे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. बाल्कनीच्या दारात कुणीतरी माझ्या गणितावर शंका घेत उभं असायचं, ते हवंय मला.

संध्याकाळी वेळ झाली. गणितानं सूर्य गेला होता. तरी मी मुसल्ल्यावर उभी राहीना. नवरा उठला, आपणहून बाल्कनीत गेला, वाकून बघितलं. "गेला," म्हणाला. आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

२५ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी बेल वाजली. दारात अम्मी, काखेत उशी. मागे खाला, डोक्यावर गादीची वळकटी, हातात गोळ्यांचा डबा. त्यांच्या मागे शिंपीचाचा, खालाची पेटी उचलून घामाघूम. मी विचारलं, काय झालं?

खाला मला बाजूला सारत थेट त्या खोलीत गेली. माझं टेबल बघितलं, बाहेर काढायला एका टोकाला धरलं आणि म्हणाली,

"खाली सूर्य सव्वा मिनिट आधी जातो. या वयात रोजचं सव्वा मिनिट कोण सोडतं? धर तिकडून."