नवीला सोडण्याची रीत

बाई, तुम्ही गेल्यावर आपला फुगडीचा गट बंद पडेल असं गावात बरेच जण म्हणत होते. पडला नाही. शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बायका अजून जमतात, आणि गेल्या वर्षापासून सगळं मी बघते. तुम्हाला आश्चर्य वाटलं असतं. दिवसा मी साखळी गावाजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात दाबमापकं तपासते. काटा खरं दाखवतो की नाही, एवढं बघणं हे माझं काम. माणसं जमवणं हे माझं काम कधीच नव्हतं, ते तुमचं होतं.

शाळेत असताना पहिल्यांदा आले तो दिवस मला नीट आठवतो. मी खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभी आहे. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "इथं पहाऱ्यावर नाही बोलावलं तुला. ये." मग हातांची अढी घालून, पावलाला पाऊल लावून तुम्ही मला फिरवता, आणि थांबेपर्यंत तुमची पकड तसूभरही ढिली होत नाही. नव्या प्रत्येकीबरोबर पहिली फुगडी तुम्हीच घालायचात. सराव संपला की तुमच्या स्वयंपाकघरात चहा आणि पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव. खालच्या वाड्यावरची विधवा गटात नको, असं दोघीतिघी कुजबुजल्या तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. उंडे वाढायचं काम तिच्याकडे दिलंत. ज्यांना ती नको होती त्यांनी तिच्याच हातून घेऊन खाल्ले. यात मला आजही काही दुरुस्त करावंसं वाटत नाही.

पण दुसरीही एक गोष्ट होती. गणपतीत, चवथीच्या दिवसांत, सगळा गाव बघायला बसलेला असताना, गटाची गाणी म्हणणाऱ्या काकी नव्या मुलीला फुगडीला ओढायच्या, वेग वाढवत न्यायच्या आणि भर वेगात हात सोडायच्या. मुलगी भेलकांडत जाऊन पडायची आणि सगळ्या हसायच्या. मलाही सोडलं होतं. तुळशीच्या कट्ट्यावर माझं कोपर आपटलं. तुम्ही हळद लावलीत आणि म्हणालात, "आता तू आमच्यातली झालीस." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

यंदा गटात एक नवी सून आली. माहेर दोडामार्गकडचं, नवरा खनिजाच्या ट्रकवर. पहिल्याच दिवशी मी तिला पद्धत समजावायला लागले, तर म्हणाली, "माका येता फुगडी. आमच्या गावात काय कमी घालतत?" आणि खरंच, तिची पकड आमच्या निम्म्या बायकांपेक्षा चांगली होती. चवथीपर्यंतही न थांबता, आधीच्या शनिवारीच काकींनी तिला सोडलं. ती खांबावर गेली. कोणीतरी ओरडलं, "ट्रक घाटात गेलो गो!" सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि उठताना तिनं डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलं. सासूनं सांगितलं, पुन्हा तिकडे जायचं नाही. गटात ठरलं ते असं, की तिला नीट धरता येत नाही.

मी काकींच्या घरी गेले. त्या अंगणात नारळ सोलत होत्या. मी सांगितलं की यापुढे मुद्दाम कोणी कोणाचा हात सोडायचा नाही, आणि जी सोडेल तिनं फुगडीला उभं राहायचं नाही.

"आमकां पण सोडलेली गो. कोण मेला?"

"मनगट मोडलं काकी."

"आणि गाणी कोण म्हणतलें? तुझो मोबायल?" मग हातातला नारळ खाली ठेवून म्हणाल्या, "तुझ्या बाई थंयच बसून बघताल्यो. तिणीं कधी ना म्हटलें?"

हे तुम्हालाच विचारायचं होतं आणि तुम्ही आता नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही नाही म्हटलं नाहीत. मी बराच विचार केला. मला वाटतं, तुम्हाला त्यांचा गळा हवा होता. त्या विधवेसाठी कुजबुज मोडून काढणाऱ्या तुम्ही, त्या गळ्यापुढे गप्प बसलात. एवढीच नोंद करते. रागावलेली नाही.

पुढच्या शनिवारी काकी आल्या नाहीत. गाण्यावाचून नुसतं फू-फू करत फुगड्या घातल्या, लवकर दमलो, लवकर घरी गेलो. दोघी तर काकींकडेच जाऊन बसल्या. मी शब्द मागे घेतला नाही. मधल्या आठवड्यात त्या सुनेच्या सासूला भेटून आले. सुनेला नुसतं बघायला तरी पाठवा, म्हटलं.

त्यानंतरच्या शनिवारी सून प्लास्टर घेऊन पायरीवर येऊन बसली, आणि थोड्या वेळानं काकीही आल्या. माफी वगैरे मागितली नाही. तिच्याजवळ बसून प्लास्टर चाचपलं. "जड आसा गो हें."

"तुमच्या हातापेक्षा हलका आसा, काकी."

सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. मग काकीच आधी हसल्या.

"परत येतलंस मगे?"

"ह्या निघाला की येतलंय. पण फुगडी हिच्यावांगडा," असं म्हणून तिनं जोडीण म्हणून माझ्याकडे बोट केलं.

काकी उठल्या आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केले. "आदी तू ये. सोडतां काय बघ." गाणं त्यांनीच उचललं. वेग चढला, खांब फिरायला लागले, आणि त्यांची बोटं माझ्या मनगटांवर शेवटपर्यंत घट्ट होती. गटापुरता प्रश्न मिटला होता. तिथल्या प्रत्येकीनं ते पाहिलं.

हे पत्र तुमच्या मुलाकडे देता आलं असतं. तो अजून त्याच घरात राहतो. देणार नाही, कारण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची आहे. फिरताना काकी दोनदा म्हणाल्या, "भार दी गो, आंग फाटीं टाक." मी अंग मागे टाकून त्यांच्या हातांवर भार दिला नाही. गुडघे वाकवून, पडायच्या तयारीत फिरत राहिले. थांबल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, फरशी ओली होती. फरशी कोरडी होती, बाई.