अज्ञात वृद्धेचा पाळणा

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी १९८४

चि. सहादू यास अनेक आशीर्वाद.

तुझी ‘इलेक्ट्रिक सह्याद्री’ ही जॅझ-फ्यूजनची ध्वनिमुद्रिका पोहोचली. गिटारीविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही. वेष्टणावरील मजकूर मात्र साफ चुकीचा आहे. तिसऱ्या रचनेतील आवाज सुरगाण्याच्या रानात पहाटे भेटलेल्या ‘अज्ञात वृद्धे’चा नाही. तो तुझ्या आईचा आहे. एकलहऱ्याला तुझ्या बहिणीच्या, लताच्या क्वार्टरमध्ये, तिच्या मुलीच्या नामकरणाला आईने पाळणा म्हटला आणि तू टेप लावलास. दर भीमजयंतीला विहारात ती म्हणते, तोच हा पाळणा. मागे ऐकू येते ती मधमाश्यांची गुणगुण नव्हे; वीजकेंद्राची घरघर आहे. शिवाय तुझी आई तेव्हा एकावन्न वर्षांची होती. तिला वृद्धा करण्याची एवढी घाई का?

शेजारी झुंबररावांकडे तिने ते गाणे तीन वेळा ऐकले. आपले नाव कोठे छापले आहे, असे तिने विचारले. चष्मा घरी राहिला, असे मी सांगितले. तो माझ्या खिशात होता.

नाव कधी छापणार, ते उलट टपाली कळव.

धोंडीराम

मुंबई
२० फेब्रुवारी १९८४

ती. अण्णांना सविनय जयभीम.

मजकूर कंपनीच्या माणसाने लिहिला. क्वार्टरमधली बाई म्हटलं तर कोण ऐकणार, असं तो म्हणाला. मी गप्प बसलो. आता गिटारीपेक्षा त्या आवाजाचंच कौतुक चाललंय. पुढच्या आवृत्तीत आईचं नाव नक्की घालतो.

एक विनंती. त्या वृद्धेच्या शोधात एक वार्ताहर सुरगाण्याला निघालाय. वाटेत आपल्याकडे येईल. तेवढं सांभाळून घ्या. परदेशातले कार्यक्रम ठरतायत. आत्ता हे उघड झालं तर माझं सगळं संपेल.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमचा सहादू

नाशिक
१६ एप्रिल १९८४

चि. सहादू यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील अकरा अशुद्धे तांबड्या शाईने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवीत आहे.

वार्ताहर आला. मी खरे सांगणार होतो. परंतु तुझे पत्र आईने लताकडून आधीच वाचून घेतले होते. तिने त्याला पोहे दिले आणि अशी कोणी बाई आपल्याला ठाऊक नाही, आपल्याला गाण्यातले काही कळतही नाही, असे सांगितले. वर, पोरगा फार गुणी आहे, असेही म्हणाली. ‘खरे बोला’ म्हणून चाळीस वर्षे मुलांना छड्या मारणारा मी शेजारी मुकाट बसून होतो.

तुझ्याकडून लोभाची अपेक्षा ठेवीत नाही. पुढील आवृत्तीसाठी तारखा तेवढ्या बिनचूक उतरवून घे:

६ मे १९७९ – एकलहरे येथे ध्वनिमुद्रण. (वेष्टणावर: डिसेंबर, सुरगाणा.)
१० फेब्रुवारी १९८४ – तुझ्या आईने तबकडीवर स्वतःचा आवाज प्रथम ऐकला.
४ मार्च १९८४ – तो कोणाचा हे ठाऊक नसल्याचे तिने सांगितले.
१४ एप्रिल १९८४ – तेवीस वर्षांत प्रथमच विहारात पाळणा तुझ्या आईऐवजी सुलाबाईंनी म्हटला. कोणी आवाज ओळखील म्हणून तुझी आई शेवटच्या रांगेत ओठ मिटून बसली होती.