बुडीत आळीचे अडसर

४ फेब्रुवारी

बाबांची गोष्ट दगडावर कोरणार! आज ऑफिसात साहेबांनी सांगितलं. नव्या बोटधक्क्याच्या प्रतीक्षालयाबाहेर मोठी दगडी पाटी लागणार. वर बुडीत आळीचा नकाशा — तो मी काढायचा — आणि खाली गोष्ट, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या शब्दांत. 'घरचंच कार्य आहे तुमचं,' म्हणाले. म्हणजे रविवारीही यायचं!

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते नुसतं 'बरं' म्हणाले. मग उठले आणि दाढी करायला बसले. संध्याकाळची वेळ, कुठे जायचं नाही, यायचं नाही — आणि दाढी!

जन्म गेला त्यांचा बोटीची तिकिटं फाडण्यात. निवृत्त झाले तरी रोज धक्क्यावर जातात. बोट उशिरा असली की बाकावर बसून उतारूंना गोष्ट सांगतात. बोट नेहमीच उशिरा असते, त्यामुळे गोष्ट रोज होते.

शब्दन् शब्द मला पाठ आहे. फार पूर्वी गावाच्या टोकाला, खडकांवर एक आळी होती. घरं पैसेवाल्यांची, मनं कवडीची. एका संध्याकाळी एक तहानलेला पाहुणा आला. दारोदार हिंडून पाणी मागत होता. कुणी दिलं नाही. शेवटच्या दारापुढे तो वळला आणि म्हणाला, 'पाणी नाही म्हणता? मग घ्या पाणी!' त्या रात्री समुद्र आत आला. रात्रभर तो माणसासारखा ओरडत होता. इतका, की गावातल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, कानांत बोळे घातले. सकाळी पाहतात तर आळी नाही.

'मग घ्या पाणी!' म्हणताना बाबा असा हात फिरवतात की पुढच्या बाकावरची माणसं मागे सरकतात.

६ फेब्रुवारी

नकाशाला बसले आणि अडले. घरांची तोंडं कुठे होती? समुद्राकडे की गावाकडे? बाबांना विचारलं तर म्हणाले, 'दारं दाराच्या जागी होती. तू काढ गं.' वा! असा नकाशा काढला तर साहेब मलाच दार दाखवतील.

अमावास्येला पाणी खूप आत जातं, तेव्हा भिंतींची बुडं उघडी पडतात म्हणे. पलीकडच्या गल्लीतल्या होडीवाल्या काकूंना विचारलं. नेईन म्हणाल्या. वीस वर्षं या गावात नांदतेय आणि ती आळी जवळून कधी पाहिली नाही! कुणीच जात नाही तिकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

९ फेब्रुवारी

जाऊन आले. चपला गेल्या, गुडघा फुटला, पण जाऊन आले.

भिंती खांद्याएवढ्या उरल्यात. शेवाळ, कालवं, मध्येमध्ये खेकडे. पैसेवाल्यांची घरं कसली! एकेक खोली, एकाला एक चिकटून. आत दोन्ही भिंतींना लागून दगडी ओटे, माणूस आडवा होईल एवढे. गावाकडच्या भिंतीत लहानसे झरोके. चूल कुठे दिसली नाही. दारं मात्र छान शाबूत — म्हणजे चौकटी. दगडी, जाडजूड. सगळी गावाकडे तोंड करून.

मोजमाप घेत होते. चौकटीत हात घातला तर अडसराची खोबण लागली. दोन्ही बाजूंना, समोरासमोर. अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवायचा तो लाकडी वासा. माझ्या माहेरी होता तसा. पुढचं दार पाहिलं, त्यालाही खोबण. त्याच्या पुढचंही.

परत होडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. काकूंना म्हटलं होडी फिरवा. त्या म्हणाल्या पाणी चढतंय, वेड लागलंय का. पण फिरवली.

खोबणी बाहेरच्या बाजूला आहेत. सगळ्या!

१० फेब्रुवारी

घराला अडसर बाहेरून कोण लावतं? आतला माणूस तो काढणार कसा?

साहेब म्हणाले गोठा असेल. गुरांसाठी ओटे? मग म्हणाले कोठार असेल. कोठाराला हवेसाठी झरोके? मग म्हणाले, 'बाई, तुम्ही नकाशा काढा.'

आज आमच्याच दारापाशी उभी राहून आतून-बाहेरून कडी लावून पाहत होते. बाबांनी विचारलं काय चाललंय. कडी कुरकुरते, मी म्हटलं. त्यांनी तेल आणून घातलं.

१२ फेब्रुवारी

बाजारात काकू भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, 'त्या दिवशी तापाच्या आळीत तुमच्यापायी माझं वल्हं मोडलं असतं.'

तापाच्या आळीत? हो, म्हणाल्या, होडीवाले तसंच म्हणतात, बुडीत आळी हा गावातल्या लोकांचा शब्द. का म्हणतात? खांदे उडवले. 'दगड उन्हानं तापत असतील.'

१३ फेब्रुवारी

अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी सोडली तर कायम पाण्याखाली असणारे दगड तापतील कसे?

१५ फेब्रुवारी

शेजारच्या नर्सबाईंकडे गेले होते. सरकारी दवाखान्यात होत्या, आता पाय धरलेत, दिवसभर खिडकीशी असतात. त्यांना सगळं सांगितलं — ओटे, झरोके, बाहेरचे अडसर, काकूंचा शब्द.

त्यांनी ओटे केवढे ते पुन्हा विचारलं. मग सांगू लागल्या. जुन्या काळी जहाजांवरून साथीचा ताप यायचा. औषध नव्हतं. आजारी माणसाला घरात ठेवायला लोक भ्यायचे. मग जहाजावरची असोत की गावातली, तापाची माणसं वेशीबाहेर नेऊन ठेवायचे. पळून गावात येऊ नयेत म्हणून बंदोबस्त. अशा जागा किनाऱ्यावर ठिकठिकाणी होत्या. इथली त्यांनी ऐकली नव्हती, पण ऐकून नवल वाटलं नाही म्हणाल्या.

मी विचारलं, तापात माणूस काय करतो हो? मूर्ख प्रश्न. पण त्यांनी नीट उत्तर दिलं.

'पाणी मागतो,' म्हणाल्या. 'सारखं पाणी मागतो.'

१६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. तहानलेला बाहेर नव्हता. आत होता. आणि दारं आम्ही लावली होती.

१८ फेब्रुवारी

ह्यांचा जहाजावरून फोन. आवाज तुटत होता. थोडक्यात सांगितलं. ह्यांचं म्हणणं, बाबांना यातलं काही बोलू नकोस, पाटी लागू दे, त्यांच्या आयुष्यात दुसरं कौतुक ते काय झालंय? खरंच आहे. बाबांनी पाटीसाठी गोष्ट लिहायला घेतलीय. रोज एक वाक्य लिहितात, दोन खोडतात. आज मला विचारत होते, 'पाहुणा' बरं की 'वाटसरू' बरं?

मी 'पाहुणा' म्हटलं आणि भात करपवला.

२१ फेब्रुवारी

सांगितलं शेवटी. माझ्या पोटात काही राहत नाही हेच खरं.

ते शिंप्याकडून नवा सदरा घेऊन आले होते, पाटीच्या कार्यक्रमासाठी. घालून दाखवला. बाह्या लांब होत्या. मी दुमडून देता देता बोलून गेले. आधी अडसर, मग ओटे, मग सगळंच.

रागावले नाहीत, हेच वाईट. सदरा काढून घडी केली. म्हणाले, 'माझ्या आईनं मला सांगितलेली गोष्ट आहे ती. माझी आई खोटं बोलली म्हणतेस?'

नाही हो बाबा, असं कसं म्हणेन, म्हटलं. पण दुसरं काय म्हणत होते मी?

२२ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन जेवतात. धक्क्यावर गेले नाहीत. बोटीवरचा माणूस घरी विचारायला आला, तब्येत बरी आहे ना. आहे म्हटलं. सगळ्यांची बरी आहे. मीच तेवढी उंटावरची शहाणी!

कशाला हात घातला त्या खोबणीत? नकाशात दारं कुठल्याही बाजूला काढली असती तरी कोण बघायला जाणार होतं? — पण मला पाहायचं होतं. अजूनही पाहायचंच आहे. कुणी बांधली, ती रात्र कशी होती, शेवटी आत कोण कोण होतं. ही खाज जात नाही.

२३ फेब्रुवारी

दाराआडून बाबांचा आवाज: 'उद्या पौर्णिमा. ओहोटी चांगली असेल. काकूला विचार.'

२४ फेब्रुवारी

त्यांचे गुडघे, ते खडक! काकूंनी पुढून धरलं, मी मागून. दोघींनी अक्षरशः उचलून पहिल्या खोलीच्या दारात उभं केलं. श्वास लागला होता. म्हटलं बसा जरा. बसले नाहीत.

चौकट चाचपली. आतून काही नाही. मग बाहेरून. हात खोबणीत कोपरापर्यंत गेला. काढला नाही बराच वेळ. काकूंनी तोंड फिरवून होडीकडे पाहिलं. मीही पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं.

मग आत गेले आणि ओट्यावर बसले. झरोक्यातून गाव दिसतं तिथून. धक्का, नारळाची झाडं, आमच्या आळीची छपरं. इतकं जवळ! कुणी हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू येईल.

बाबांनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, 'समुद्र नव्हता ओरडत, सूनबाई.'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गोष्टीतली खिडक्या लावणारी, कानांत बोळे घालणारी माणसं. मी इतक्यांदा ऐकलं ते — आणि कधी विचारलं नाही, लाटांच्या आवाजाला कोण बोळे घालतं?

परतताना पाणी चढायला लागलं होतं. बाबा म्हणाले, आई खोटं बोलली नाही. तिला जेवढं सांगवलं तेवढं तिनं सांगितलं. बाकीचं गोष्टीत ठेवून दिलं.

२५ फेब्रुवारी

आज बाबा बाहेर जेवायला बसले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. देव पावला!

१ मार्च

पाटीचा कार्यक्रम. सगळं लिहून ठेवायला हवं.

प्रतीक्षालय भरलेलं. पुढे साहेब, व्यापारी मंडळी, हॉटेलवाले. पाटी बाहेर उभी, वर कापड. नकाशा कोरून झालाय, गोष्टीची जागा कोरी, कारण बाबांनी मजकूर दिलाच नव्हता. साहेब चार दिवस माझ्या मागे लागले होते. मी आपली मूग गिळून.

बाबा नवा सदरा घालून उभे राहिले. नेहमीसारखी सुरुवात. खडकांवर एक आळी होती... पण घरं पैसेवाल्यांची म्हणाले नाहीत. 'घरं तापाची होती,' म्हणाले. लोक सावरून बसले. मग एकेक करून त्यांनी सगळं सांगितलं. बाहेरचे अडसर. आतून पाणी मागणारे. वादळाची रात्र, समुद्र चढत गेलेला, आणि त्या हाका.

'मग घ्या पाणी' हे वाक्य नव्हतंच. हातही फिरवला नाही. शेवटी एवढंच म्हणाले:

'खिडक्या लावून घेतल्या त्या घरांतलाच मी. तुम्हीही. बाकी कुठली घरं गावात उरली होती?'

टाळी वाजली नाही. एक हॉटेलवाला पुटपुटला, पाहुण्यांना असलं ऐकवायचं का. साहेबांनी घसा साफ केला आणि कापड न काढताच आभार मानले. घरी येताना बाबा म्हणाले, भूक लागलीय.

३ मार्च

पाटीवरचं कापड तसंच आहे. साहेब म्हणतात 'वर विचारू.' वर म्हणजे कुठे, त्यांनाच ठाऊक. जुनीच गोष्ट कोरू असं व्यापाऱ्यांचं म्हणणं. नर्सबाईंनी खिडकीतून हाक मारून विचारलं, खरंच तसं म्हणाले का? मग म्हणाल्या, 'उशिरा का होईना.'

बाबा पुन्हा धक्क्यावर जायला लागलेत. नवी गोष्ट सांगतात. अर्ध्यातून माणसं उठून चहाला जातात. मी विचारलं वाईट वाटतं का? म्हणाले, सवय होईल. त्यांनाही, मलाही. फक्त शेवट जमत नाही म्हणाले. सगळे बुडाले म्हटल्यावर माणूस पुढे बोलणार काय?

६ मार्च

बाबांनी आज धक्क्यावरून एका बाईंना घरीच आणलं. खाडीपलीकडच्या बेटावर राहतात, शाळेत शिकवतात, बोटीची वाट पाहता पाहता गोष्ट ऐकली. चहा तसाच निवत ठेवून बोलत होत्या. त्यांच्या गावात हीच गोष्ट आहे, पण त्यात कुणी बुडत नाही! वादळात या गावातली एक बाई एकटी होडी घेऊन निघते, एकेक अडसर काढते आणि फेऱ्या करून सगळ्यांना पलीकडे नेते. सगळ्यांना उतरवून ती या गावाकडे वळली, बेटावर परत कधी आली नाही. तिचं नाव त्यांना माहीत नाही. 'आमचं गाव त्या माणसांचं,' म्हणाल्या. 'तुमच्याकडे तिचं काय सांगतात, हे विचारायला कधीची यायचं म्हणत होते.'

बाबा उठलेत. सदरा शोधताहेत. मला विचारताहेत, बेटाची बोट किती वाजता सुटते — जन्मभर तिची तिकिटं फाडली त्यांनी!