घरी अम्मा, शाळेत मिस

अम्मा, तुला लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाशी हात थांबला. घरात तू अम्मा होतीस आणि शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की मिस. तू जिथे इंग्रजी शिकवायचीस त्याच शाळेत मी शिकले, त्यामुळे जागेपणीचा बराचसा वेळ मी तुला मिसच म्हणत होते. अजूनही कधी स्वप्नात दिसलीस तर कोणती हाक मारावी ते कळत नाही, आणि तेवढ्यात जाग येते.

सहावीत एकदा तुझ्या तासाला उत्तर देताना माझ्या तोंडून अम्मा निघून गेलं. वर्ग हसला. तू हसली नाहीस. इथे मी सगळ्यांची मिस आहे, एवढं इंग्रजीत म्हणालीस आणि पुढच्या मुलीकडे वळलीस. त्याच संध्याकाळी तू ओट्याशी उभी आहेस, शेगडीवर सांबार उकळतंय, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या आहेत, आणि मी दारातून विचारते, "मिस, कॉफी करू का?" मला टोमणा मारायचा नव्हता, जीभच तशी वळली. बाहेरच्या खोलीतून अप्पा म्हणाले, "मिस काय म्हणतेस तिला? माझं लग्न झालंय तिच्याशी."

तेव्हा मात्र तू हसलीस, आणि जवळ घ्यायच्या ऐवजी मला शब्द समजावून सांगायला लागलीस. मिस हा मिस्ट्रेस या शब्दाचा तुकडा, म्हणजे घराची मालकीण. मिसेससुद्धा त्यातूनच आलेला, तेव्हा या दोघी एकाच आईच्या मुली. पण बस मिस झाली म्हणतो, तो मिस निराळा. तो इंग्रजीतला फार जुना शब्द, त्याचे नातेवाईक जर्मन भाषेत सापडतात. आधी नेम चुकला की तो वापरायचे, मग जे हाती लागलं नाही त्या सगळ्याला वापरू लागले. "आडनाव एक, घराणं वेगळं," असं म्हणून तू सांबारात मीठ टाकलंस. तुझं असंच असायचं. राग किंवा माया दाखवायची वेळ आली की तू एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायचीस. मी ते ऐकून घ्यायचे आणि आणखी काहीतरी येईल म्हणून थांबून राहायचे.

पहिली नोकरी चेन्नईपासून लांब, पुण्यात लागली. आपली तंजावरची मराठी ऐकून तिथल्या मुली मला जुन्या काळातून आलेली समजायच्या. ऑफिसात पोचले की मी तुला एक रिंग द्यायचे आणि तू उचलायची नाहीस, तसं ठरलेलंच होतं. मिस्ड कॉल म्हणजे पोचले, काळजी नको. रविवारी मात्र बोलणं व्हायचं. खोलीतल्या मुली आपापल्या आईला फोनवर सहज मिस यू म्हणत. मला ते जमेना, म्हणून एका रविवारी धीर करून आपल्या भाषेत म्हटलं, की अम्मा, तुझी फार आठवण येते. तू विचारलंस, "का गं, ऑफिसात काम कमी आहे?" पुढे जेवलीस का, असं विचारून फोन ठेवलास. मी परत चेन्नईला यायच्या आधीच तू गेलीस. तुलाही माझी आठवण यायची का, हे विचारायचं राहूनच गेलं. अप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ती कुठे काही बोलायची? आता अप्पाही नाहीत. इथे चेन्नईत वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते, आणि पोचले हे कळवायला कुणी नाही.

गेल्या महिन्यात पेरुंगुडीला जाणाऱ्या शेअर ऑटोत शेजारची बाई माझ्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड निरखून बघत होती. त्यावरचं नाव-आडनाव वाचून तिनं तमिळमध्ये विचारलं, तुम्ही मिसची मुलगी का? ती तुझी विद्यार्थिनी, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या शाळेत आलेली. तिनं सांगितलं ते असं. तू हजेरी घेताना पटाकडे बघायची नाहीस, नावं पाठ असायची. जून महिन्यात एका सकाळी मध्येच तू एक नाव घेतलंस जे त्या वर्गात कुणाचंच नव्हतं. कुणी ओ दिली नाही. तू परत घेतलंस. मागून एक मुलगी म्हणाली, "आब्सेंट, मिस," आणि सगळा वर्ग हसला. ते नाव माझं होतं. मी तेव्हा नुकतीच पुण्याला गेले होते.

तू चष्मा काढून पुसलास, म्हणे, आणि फळ्यावर एकच शब्द लिहिलास, मिस. तो तास त्या एका शब्दावर गेला. मालकीण सांगितलीस, चुकलेला नेम सांगितलास, निघून गेलेली बस सांगितलीस. मग उरलेल्या, आठवण येण्याच्या अर्थाचं वाक्य मागितलंस. या बाईनं उभं राहून सांगितलं, आय मिस माय पेन्सिल बॉक्स. तू म्हणालीस, "पेन्सिल बॉक्स हरवला तर शोधायचा. हा शब्द हरवलेल्यासाठी नाही. माणूस कुठे आहे ते नीट ठाऊक असतं आणि तरी ते इथे नसतं, तेव्हा हा वापरायचा." मग कुणीतरी विचारलं, की मिस, ती मुलगी कुठे आहे? तू पुणे म्हणालीस आणि पुढचं नाव घेतलंस.

अम्मा, तू सांगितलेल्या अर्थात मी बसत नाही. मी कुठे होते ते तुला ठाऊक होतं. तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही. माझ्यासाठी कोणता शब्द आहे ते तुलाच विचारलं असतं. हा कागद पाठवायला पत्ता नाही, तो घडी घालून कपाटात राहील.

त्या दिवशी ऑटोत त्या बाईचा स्टॉप आला. उतरता उतरता ती म्हणाली, मिसनं हे तुम्हाला सांगितलंच असेल ना. मी म्हटलं हो, खूपदा. तिच्यासमोर तुला कमीपणा येऊ नये, एवढंच मनात होतं. ऑटो पुढे निघाला तसं ते मला जवळजवळ खरंच वाटायला लागलं, आणि मी ते वाटू दिलं.