प्रोफेसरांच्या खोलीतली आवराआवर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीने 'आत्याने माझा प्रयोग बुडवला' असं तुला रडून सांगितलं आणि तू कसलीही शहानिशा न करता मला 'ताई, जरा सबुरीने घे' असं कळवलंस, म्हणून हे पत्र. कंबर कशी आहे? (तुझ्या बायकोला विचारीन, तू खरं सांगत नाहीस.)

तिचं ते बोधनिक मानसशास्त्र! माणसाचं मन म्हणे फोटो काढत नाही. थोडं पाहतं आणि उरलेलं आपल्या समजुतीने भरून टाकतं. हे सिद्ध करायला विद्यापीठ लागतं. तुझ्या बायकोने तुझ्याकडे पाहून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

तर मला तिने कुणा प्रोफेसरांच्या खोलीत बसवलं. "आत्या, इथे जरा थांब, मी आलेच." खोलीची दशा काय सांगू! टेबलावर दुकानातल्या पुतळ्याचा तुटका हात, खुर्चीखाली लहान मुलाचा एकच बूट, खिडकीत पक्ष्याचा रिकामा पिंजरा, फायलींवर पक्कड. जन्मभर ग्रंथालय सांभाळलेल्या बाईने हे नुसतं बघत बसायचं? मी खोली आवरली, टेबल पुसलं आणि भलत्या वस्तू खाली चौकीदाराकडे जमा केल्या. तो म्हणाला, "बाई, हा हात कुणाचा?" म्हटलं, "ज्याचा असेल तो येईल न्यायला."

ते सगळं तिने मुद्दाम मांडलं होतं! आधी बसवायचं, मग बाहेर नेऊन विचारायचं, आत काय काय पाहिलंत? मी धडाधड लिहून दिलं. माझ्यामागून आलेली माणसं मात्र लखलखीत खोलीत बसली आणि 'टेबल, खुर्ची' लिहून घरी गेली. प्रबंधाची तारीख तोंडावर आलेली, म्हणून पोरगी रडली. मला वाईट वाटलं. पण खोली आवरल्याबद्दल माफी मागायची पद्धत आपल्या घरात नाही.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ती हसत आली. बाकीच्यांना पुन्हा बोलावणार आहे. माझं उत्तर मात्र तिच्या मार्गदर्शक बाईंना फारच आवडलं. फळीवरची पुस्तकं तिरकी पडली होती, ती मी सरळ केली, असंही मी लिहिलं होतं. त्या खोलीत म्हणे एकही पुस्तक नव्हतं.

आणखी एक. ते उत्तर 'एक निवृत्त ग्रंथपाल' म्हणून प्रबंधात घालणार आहेत. तू बाप आहेस, तिला समजाव. निवृत्त पोस्टमास्तर लिही म्हणावं, काहीही लिही.

चौकीदाराकडून परत आणून आज तिच्या हाती दिलं: हात एक, बूट एक, पिंजरा एक, पक्कड एक. पुस्तकं दिलेली नाहीत. ती फळीवर नीट लावून ठेवली आहेत.