कल्हईवाल्या चाचाची जबानी

बा, मी तुला तूच म्हणणार. वडिलांना पत्र कसे लिहायचे ते शाळेत आम्हाला पाठ करून घेतले होते, पण आपल्या घरात बापाला कोणी तुम्ही म्हटले नाही, आणि तुला तर वाचताही येत नव्हते. तुझ्या पेन्शनीचे अपील का फेटाळले गेले, हे मी तू गेल्यावर पंधरा वर्षांनी लिहितो आहे. तू विचारलेस तेव्हा मी जे सांगितले ते खरे नव्हते.

बसऱ्याच्या लढाईवरून तू आलास तेव्हा तुझे हातपाय धड होते. तेच तुझ्या आड आले. आपल्या गावच्या, पोशेऱ्याच्या लोकांना तुझ्यात काही आजार दिसत नव्हता. नागलीच्या शेतात उतारावर थोडा वेळ नांगर धरलास की तुझे तोंड तांबडे व्हायचे, आणि तू बैल तसेच उभे ठेवून दगडावर बसायचास. "डोक्यात पानी उकाळतं माना," एवढेच म्हणायचास. शेजारचे काका बांधावरून ओरडायचे, "रगताला जोर आलाय ना तुझ्या? मग बैल कशाला, तूच जुंप की!" सगळे हसायचे. तू पण थोडा हसायचास, आणि उठायला बघायचास.

पेन्शनीसाठी पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढे मीच तुला घेऊन गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, पारा चढलेला बघितला आणि रक्ताचा दाब फार आहे हे मान्य केले. पण तो पलटणीच्या नोकरीने झाला हे मानले नाही. वयाने आणि मूळच्या प्रकृतीने झाला, असे लिहिले. अपील एकदाच करता येणार होते. त्यात एवढेच दाखवायचे होते की हा त्रास नोकरीत असताना सुरू झाला. तिकडच्या दवाखान्यातली तुझी नोंद मिळत नव्हती. तुला पडताना बघितलेला माणूस मात्र होता, तुझ्या पलटणीतला कल्हईवाला चाचा, आणि तो जव्हारातच राहत होता.

चाचाबद्दल मी तुझ्याशी कधी वाईट बोललो नाही. पण तो आलेला मला आवडायचा नाही. आपल्या घरात कल्हई करण्याजोगी भांडी दोनच, तरी तो भाता खांद्याला लावून, लंगडत, एवढी घाटी चढून यायचा. अंगणातूनच ओरडायचा, "ए डोंगऱ्या, जिंदा है क्या?" आणि तू आतून, "ये रे लंगड्या, वाट बरी गावली तुला!" मग तुम्ही दोघे पडवीत बसायचात. तू हसायचास, मांडीवर थाप मारायचास, त्याच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घालायचास. मी कचेरीतून रजा घेऊन आलो की तू म्हणायचास, "आलास? जेव." मग तू गोठ्याकडे जायचास. तुला माझा राग नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. माझ्याशी बोलायला तुझ्याजवळ काही नव्हते. त्याच्याशी बोलायला चार वर्षांचे साठलेले होते, आणि त्यात मी कुठे नव्हतो.

अपिलासाठी मी त्याची जबानी घ्यायला त्याच्या दुकानी गेलो. तो भात्यापाशी बसलेला, हात कल्हईच्या नवसागराने पांढरे. मला बसायला पाट दिला आणि लगेच सांगू लागला. मी लिहीत होतो. "लिख बेटा. भर दुपार होती. आम्ही खेचरांवर पेट्या लादत होतो. याच्या नाकातून रगत आलं आणि हा खेचराच्या पायात पडला. मी ओढून काढला. डॉक्टर आला, दंडाला पट्टा बांधला, म्हणाला, याला ओझ्यावर लावू नका. तिसऱ्या दिवशी परत लावला. पुन्हा पडला." हे सगळे पाहिजे तसेच होते. तेवढ्यावर मी त्याला थांबवायला हवे होते. तो थांबला नाही.

"आणि शुद्धीवर आला तेव्हा काय बोलला माहीत आहे? माझा खेचर कठं? अरे, बीवी नाही, घर नाही, खेचर!" तो हसत होता. "खेचराला खरारा करताना नुसत्या तोंडाने तुमच्या नाचातला तारपा वाजवायचा तुझा बाप. गाल असे फुगवून. सगळी पलटण जमायची. तुला ऐकवला असेल ना?" मी हो म्हटले. तू मला कधी ऐकवला नव्हतास. मग तो आपल्याच नादात म्हणाला, "बडा अजीब आदमी. याला पोरगा आहे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं."

त्याच्या मनात काही नव्हते. तो पुढे पातेल्याला कथील लावू लागला. मी त्याचा अंगठा घेतला, कागदाची घडी केली आणि निघालो. शेवटची वाक्ये मी कागदावर घेतलीच नव्हती. म्हणजे जबानीत तुझ्या कामाचे तेवढेच होते आणि मला बोचेल असे काही नव्हते. तरी खोलीवर येऊन अर्ज लिहायला बसलो तेव्हा मला तो कागद जोडवेना. माझ्या मनात आले, या माणसावाचून तुझे काहीच का होऊ नये? कचेरीत मी इतरांचे अर्ज लिहीत होतो, त्यातले मंजूर होत होते. मी चांगली चार पाने लिहिली. भरती होताना तू निरोगी होतास, आजा म्हातारा होऊन गेला तरी त्याला हा त्रास नव्हता, असे सगळे मांडले. अक्षर सुरेख काढले. इंग्रजी जाणणाऱ्या एका गृहस्थाकडून ते इंग्रजीत उतरवून घेतले, आणि चाचाची जबानी न लावता अपील टपालात टाकले. पेन्शन आली म्हणजे ती माझ्या लिहिण्याने आली असे तुला सांगायचे होते. तू मांडीवर थाप मारशील, असेही वाटले होते.

उत्तर आले ते दोनच ओळींचे होते. त्रास नोकरीत सुरू झाल्याचा कोणताही साक्षी-पुरावा जोडलेला नाही, सबब अपील नामंजूर.

तू चुलीशी बसला आहेस. मी वाचून अर्थ सांगतो. आई कढी ढवळायची थांबते. तू विचारतोस, "लंगड्यानी काय नांय सांगितला?" मी म्हणतो, "त्याला नीट आठवत नाही म्हणाला." तू लाकूड आत सारतोस. "नसंल आठवत. त्यानी लई बघितला तठं," असे म्हणून तू जेवायला वाढ म्हणतोस. तू त्याला तिथल्या तिथे माफ केलेस. मला तेही सहन झाले नाही.

त्यानंतर चाचा आला की तू बसऱ्याचे नाव काढायचा नाहीस. विसरलेल्या माणसाला ओशाळे वाटू नये म्हणून. आणि त्याला वाटायचे की आपली जबानी कमी पडली म्हणून तू गप्प आहेस. तोही गप्प बसायचा. पडवीत तुम्ही दोघे आणि मध्ये त्याचा भाता. हळूहळू त्याचे येणे कमी झाले. मग माझ्या रजेत तू माझ्याजवळ बसू लागलास. मला जे हवे होते ते मिळाले, पण तू हसत मात्र नव्हतास. पेन्शन असती तर तू औताला हात लावला नसतास. पुढच्या पावसात भाताच्या आवणीला चिखलातच तुझे डावे अंग गेले, आणि आठव्या दिवशी तू गेलास. चाचा आला होता. तो इतका रडला की बायका त्याच्याकडे बघू लागल्या. मला वाटले, हा माझ्या वाटणीचे रडतो आहे.

परवा शुक्रवारी तो वारला. महिनाभर अंथरुणावर होता, मी बघायला जात असे. एकदा माझा हात धरून म्हणाला, "बेटा, मेरी गवाही में दम नहीं था. डोंगऱ्या माझ्यामुळं मेला." पंधरा वर्षे तो हे घेऊन बसला होता. मी म्हटले, "नाही चाचा, बोर्डच कडक होते." एवढेच. त्याच्या जनाज्याला खांदा दिला, कबरीत माती लोटली, घरी येऊन आंघोळ केली.

तुम्ही दोघे मेल्यावर एका ठिकाणी जाता की नाही, मला माहीत नाही. त्यांचे मौलवी आणि आपला भगत दोघेही नाही म्हणतील. पण तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही एकमेकांना हुडकून काढाल. तो म्हणेल, मी तर सगळे सांगितले होते. तू म्हणशील, पोऱ्या तर बोलला तुला आठवत नाही. एका घटकेत तुम्हाला सगळे कळेल.

हा कागद मी कुठे पाठवणार? आणि खरे सांगायचे तर तो मी माफी मागायला लिहिलेला नाही. निदान ही एक गोष्ट तुला त्याच्या तोंडून कळू नये, माझ्या तोंडून कळावी, एवढ्यासाठी घाईने लिहिला.