बाबांची पाचर

आई गं,

पोचले, जेवले, रडले नाही. आपण दोघींनी ऑनर्सवाल्यांचं हॉस्टेल निवडलं ते बरंच झालं. बाथरूम खोलीतच आहे, आणि शांतता इतकी की फ्रिजची घरघर ऐकू येते.

आपल्या गावची कॉरिन समोरच्या जुन्या हॉस्टेलात आहे. तिथे उकडतं म्हणून सगळ्याजणी दारं उघडी टाकून बसतात. ती ओरडते, "हुशारबाई, ये की इकडेच राहायला!" ऑफिसात विचारलं. वर्षभर बदलता येत नाही.

"दार उघडं ठेव, मैत्रिणी होतील," म्हणून बाबांनी लाकडी पाचर करून दिली होती ना? इथली दारं आपली आपण बंद होतात, आगीच्या नियमामुळे पाचर लावायला बंदी आहे. बाबांना सांग, टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली ती छान बसली.

घरी माझ्या खोलीचं दार लावू नका हं.

तुझीच,
मार्लीस